कडवालीच्या बश्या

८ फेब्रुवारी

चिंगे,

अनेक आशीर्वाद. तू रागावलेली असलीस तरी आशीर्वाद घ्यायला हरकत नाही, त्यांचं काही ओझं होत नाही.

पहिली गोष्ट, स्वयंपाकघराला आग लागलेली नाही. समोरच्या बाईंनी तुला फोन करून जे सांगितलं त्यातलं निम्मं गाळ. धूर झाला. पडदा काळा झाला, तो तसाही बदलायचाच होता. ओव्हन गेला, हे मात्र खरं. पण तेवढ्यावरून "आई, आता पुरे झालं, आता मी ठरवणार" असं ओरडायचं काय कारण होतं? दोन वर्षं तुझा फोन नाही, आणि आला तो असा. मी "अगं, ऐक तरी" म्हणेपर्यंत तू ठेवूनही दिलास. म्हणून पत्र लिहितेय. पत्र फाडायचं तरी आधी उघडावं लागतं.

ओव्हनमध्ये मी बशी भाजत होते. हसू नकोस. पांढऱ्या बशीवर रंग लावला की तो भट्टीत भाजावा लागतो, नाहीतर बोटानेसुद्धा पुसला जातो. घरच्या ओव्हनला तेवढी धग कुठली यायला! मला हे माहीत नव्हतं का? सगळी उमर कपबशीच्या कारखान्यात गेली माझी. माहीत असून केलं. पहाटे जाग येते, चहा होतो, पेपर होतो, अंघोळ होते, आणि बघते तर समोरच्या शाळेची पहिली घंटासुद्धा झालेली नसते. पुढचा सगळा दिवस मग नुसता बसून असतो माझ्याकडे बघत. तू असतीस तर तूही काहीतरी भाजलं असतंस.

तू जाताना काय म्हणालीस ते मी विसरलेले नाही. मी म्हटलं होतं की कारखान्यातून आणलेलं बश्या फिरवायचं चाक बाहेर काढते आणि स्वतःचं काहीतरी करते. त्यावर तू म्हणालीस, "आई, तू आयुष्यभर बश्यांना कडा काढल्यास. त्याला कला नाही म्हणत. आता तरी स्वस्थ बस." मी म्हटलं, "नीघ." तू निघालीस. मी माफी मागायला हे लिहीत नाहीये. तूही मागू नकोस, उगाच पत्रं लांबतील.

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. पेन खराब आहे.

तुझी आई


१ मार्च

चिंगे,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मीही वाट बघत नव्हते. पोस्टमन रोज दिसतो तो मी गॅलरीत असते म्हणून.

लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये चित्रकलेचा वर्ग सुरू झालाय, आमच्यासारख्या पिकल्या पानांसाठी. गेले. म्हटलं, रीतसर शिकू. शिकवणारी पोरगी तुझ्याहूनही लहान, गोड आहे. सगळ्यांना कागद दिले, पाण्याचे डबे दिले आणि म्हणाली, "चला, हात मोकळा सोडा!" शेजारचे रिटायर्ड बँकवाले लगेच डोंगर काढायला लागले. त्यांच्यापलीकडच्या बाईंनी घर काढलं, घराला कौलं काढली, वर सूर्यही बसवला. आणि मी? मी ब्रश कागदावर टेकवला आणि बसून राहिले.

कशाची वाट बघत बसले होते, सांगू? कागद फिरायची. देवाशप्पथ सांगते. ब्रश टेकवून, कोपर टेबलाला दाबून, श्वास धरून मी कागद फिरायची वाट बघत होते. ती पोरगी वाकून म्हणाली, "आजी, हात हलवा ना." आणि माझ्या लक्षात आलं की मला हात हलवता येत नाही.

तुला माझं काम कधी नीट ठाऊक नव्हतं, त्यात तुझी चूक नाही, मी घरी येऊन कधी सांगितलं नाही. कारखान्यात दोन प्रकारच्या बायका होत्या, बशीवर फुलं काढणाऱ्या फुलवाल्या आणि काठाने गोल रेघ ओढणाऱ्या कडवाल्या. फुलवाल्या खिडकीशी बसायच्या. फुलवालीचा हात चालायला हवा. कडवालीचा हात चालता कामा नये. बशी चाकावर ठेवायची, टिचक्या मारत मारत बरोब्बर मधोमध आणायची, मग ब्रश धरून नुसतं दगडासारखं बसायचं आणि डाव्या हाताने चाक फिरवायचं. बशी फिरते, कड आपली उमटते. नव्या पोरींना कित्येक महिने रंग देतच नसत, नुसत्या टिचक्या. बशी केसभर सरकलेली राहिली की कड एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. मग सुपरवायझर ती बशी उचलून, जिने काढली तिच्यासमोर पालथी ठेवायचा. एक शब्द बोलायचा नाही. दिवसभर ती पालथी बशी समोर घेऊन काम करायचं. माझ्यासमोर अशी बशी शेवटची कधी आली ते आठवतसुद्धा नाही, इतकी मी पक्की होते.

आणि आता त्या पक्क्या हाताची तऱ्हा ऐक. पेन चांगलं आहे. पेनाला काही झालेलं नाही. हात थरथरतो. आधी फक्त कप धरताना व्हायचं, आता टेकवून ठेवला तरी होतं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, गोळ्यांनी थोडं थोपेल. मी विचारलं, "कामाचा हात किती दिवस राहील?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. वर्षभर धरा." मग म्हणाले, "पण आता तुम्हाला हाताचं असं काय काम आहे?"

म्हणजे बघ, ज्या हाताला उभ्या जन्मात हलू दिलं नाही तो आता आपला आपण हलतो, आणि हलव म्हटलं तर हलत नाही. मला त्या हॉलमध्ये रडू आलं. बँकवाल्यांनी रुमाल दिला. रंगाने माखलेला होता.

एक चांगलं झालं. लोखंडबाजारामागच्या गल्लीत एकांची भट्टी आहे, दारावर लावायच्या नंबरांच्या फरशा भाजतात. त्यांना विचारलं, माझ्या बश्या कोपऱ्यात ठेवाल का. ते म्हणाले, "आजी, ही भट्टी आहे, बालवाडी नाही." मी म्हटलं, "तुमच्या त्या फरशीवरच्या आठाचा रंग उकळलाय, रंगात तेल जास्त झालंय." त्यांनी फरशी उचलून आठावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "महिन्यातून एकदा, सोमवारी लागते. आदल्या दिवशी आणून द्यायच्या. फुटल्या तर माझ्या नावाने ओरडायचं नाही."

भट्टी मिळाली. आता त्यात घालायला काही नाही.

आई


२७ मार्च

चि. चिंगीस,

हे अक्षर समोरच्या बाईंचं आहे. मी सांगतेय, त्या लिहिताहेत. माझ्या उजव्या मनगटाला जरा लागलंय, म्हणून. काळजी करण्यासारखं काही नाही. फरशी ओली होती. माझी तब्येत चांगली आहे, भूक चांगली लागते, झोपही लागते. तू कामात असशील. येण्याची गरज नाही. येऊ नकोस. बाकी सगळं ठीक.

आई

ताई, मी समोरची. त्यांना वाचून दाखवलं तेवढं वर लिहिलंय, हे त्यांना न सांगता लिहिते. फरशी ओली नव्हती. माळ्यावरून कोऱ्या बश्यांचं खोकं काढायला त्या एकट्या स्टुलावर चढल्या होत्या. पडल्या तेव्हा मला हाकसुद्धा मारली नाही. मी दुपारी वाटी परत द्यायला गेले तर त्या जमिनीवर बसून डाव्या हाताने फुटलेल्या बश्यांचे तुकडे गोळा करत होत्या. मनगट मोडलंय, प्लॅस्टर आहे. मी जेवण देते, पण त्या अर्धं ठेवतात. रात्रंदिवस एकच बोलतात, वर्षातला एक महिना गेला, वर्षातला एक महिना गेला. मला भीती वाटते. तुम्ही या.


१२ एप्रिल

चिंगे,

समोरच्या बाईंनी खाली काय खरडलं ते मला तुझ्या फोनवरून कळलं. भल्या बाई आहेत, पण पोटात काही राहत नाही त्यांच्या.

बोटं प्लॅस्टरच्या बाहेर आहेत, सूज उतरली आहे, म्हणून मीच लिहितेय. वाचता आलं नाही तर अंदाजाने वाच, माझं सगळं बोलणं तू तसंच ऐकत आलीस.

तू फोनवर म्हणालीस, "चार मेला रविवार आहे, मी येते, ज्येष्ठांच्या निवासात खोली मिळाली आहे, माझ्या घरापासून जवळच आहे, बॅग भरून ठेव." किती व्यवस्थित बोललीस. मी "बरं" म्हटलं, तेही तुला खरं वाटलं. मला माझं रडं तुला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून "बरं" म्हटलं.

मग मी त्या निवासात फोन केला. एक मुलगा होता, फार आदबीने बोलला. खोलीत काय काय आहे ते सांगितलं, पलंग आहे, कपाट आहे, टीव्ही आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे. मी विचारलं, "टेबल आहे का?" तो म्हणाला, "टेबल कशाला आजी? जेवण हॉलमध्ये असतं." मी म्हटलं, "काम करायला." त्यावर तो इतका खूश होऊन म्हणाला, "अहो आजी, इथे तुम्हाला काहीच काम करावं लागणार नाही!"

चिंगे, मी फोन ठेवला आणि किंचाळले. समोरच्या बाई धावत आल्या, त्यांना सांगितलं झुरळ होतं.

तुला मी हट्टी वाटते. तुला वाटतं, म्हातारीला एकटेपण खायला उठलंय म्हणून हे रिकामपणचे उद्योग. तसं असतं तर मी आनंदाने तुझ्या हॉलमध्ये येऊन बसले असते, माणसंच माणसं. माझ्या आत काहीतरी आहे गं. काय आहे ते मला सांगता येत नाही, कारण ते मी अजून बघितलंच नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या फुलांना कुंपण घातलं. घरी आले की तुम्हाला वाढलं, बाबांचं आजारपण काढलं, आणि त्यात मला वाईट काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण आता कुठे ते आतलं वर यायला लागलंय आणि हात निकामी होत चाललाय. उशीर झाला म्हणून ते गप्प बसत नाही. उलट जास्त ओरडतं. मी काय करू? तूच सांग, मी काय करू?

रोज सकाळी चाकाशी बसते. प्लॅस्टरमधला हात घेऊन. एक रेघ धड येत नाही. बोटं थरथरली की ब्रश सुटतो. काल तीन बश्या भिंतीवर फेकल्या. डाव्या हाताने फेकल्या, चांगल्या लांब गेल्या.

आई


२३ एप्रिल

चिंगे,

आधी हे वाच, मग बाकीचं.

ब्रश सुटतो म्हणून मी तो प्लॅस्टरलाच बांधला. सुतळीने, दातांनी गाठ मारून. समोरच्या बाईंना बोलावलं नाही, त्यांनी लगेच तुला फोन केला असता. तर बांधला, आणि बघते तर हात गप्प! मनगट प्लॅस्टरमध्ये, कोपर टेबलाला दाबलेलं, ब्रश बांधलेला. बोटांना काय थरथरायचं ते थरथरू दे. माझा जुना हात मला परत मिळाला. दगड.

मग डाव्या हाताने बशी चाकावर ठेवली आणि टिचक्या मारायला गेले, तर डाव्या हाताला ते जमेना. टिचक्या उजव्या हाताचं काम. बशी मधोमध येईना ती येईना. बराच वेळ झटले, मग इतका वैताग आला की म्हटलं, मर तिकडे, आणि तशीच फिरवली.

कड वाकडी आली. एका बाजूने बशीच्या बाहेर निघून गेली, दुसरीकडून आत पोटात शिरली. सवयीने मी ती उचलून पालथी घालायला गेले. हात पोचलासुद्धा होता बशीपर्यंत. आणि मी थांबले, कारण ते सुंदर होतं गं. मी कधी असं काही बघितलं नव्हतं. मग बशी आणखी थोडी सरकवली, मुद्दाम, आणि पुन्हा फिरवली. पुन्हा सरकवली. गोलावर गोल, एकमेकांना छेदत, कुठे दाट, कुठे विरळ, आणि सुतळी जरा ढिली होती म्हणून मधूनच रेघेला एक हिसका. तो हिसका माझा आहे. तो कुठल्याच फुलवालीला काढता यायचा नाही.

हात हलवायचाच नव्हता मुळी! बशी हलवायची होती. त्या गोड पोरीलाही हे कळलं नाही आणि मलाही नाही. आयुष्यभर जी एक चूक होऊ नये म्हणून जिवाचं रान केलं, ती चूकच मला करायची होती. मी एकटीच मोठ्याने हसले. मग रडलेही, पण ते तुला सांगायचं कारण नाही.

या महिन्याची भट्टी होती तेव्हा पाच बश्या नेऊन दिल्या. दोन तडकल्या. एकीचा रंग उडाला, ती माझी चूक, घाईत तेल कमी पडलं. दोन आल्या. भट्टीवाले त्या दोन्ही हातात घेऊन दारात उजेडाला उभे राहिले.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. मी त्या बश्यांकडे बघत होते आणि मनात येत होतं, हे काढणारी ही बाई कोण?

त्यांनी दोन्ही बश्या जपून खाली ठेवल्या. मग आत जाऊन फरशा पुसायला लागले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या भट्टीत तुम्हाला एक अख्खी फळी देतो. भरेल एवढं आणा."

अख्खी फळी, चिंगे.

पण प्लॅस्टर सात मेला काढणार. डॉक्टरांना विचारलं, आणखी महिनाभर ठेवता येईल का. ते हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते. ते काढलं की हात पुन्हा सुटा होणार. मी खालच्या सुताराकडे जाऊन आले. तो म्हणाला, लाकडाची खोबण करून देतो, त्यात हात घट्ट बसेल, पट्टेही लावतो. त्याने माप घेतलं तेव्हा माझा हात इतका थरथरत होता की त्याने दोनदा घेतलं. जमेल की नाही माहीत नाही. जमलं तरी किती दिवस, तेही माहीत नाही. सकाळी उठते तेव्हा आधी हाताकडे बघते, आज आहे का म्हणून.

आणि तू चार तारखेला, रविवारी येणार. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मेची भट्टी आहे.

ये, पण थांबशील का? थोडं थांबशील का गं?

आई


रविवार, ४ मे

चिंगे,

हे पोस्टाने वेळेत पोचलं नसतं, म्हणून दाराला चिकटवून जातेय. बेल वाजवू नकोस, मी घरात नाही. पळून गेलेले नाही. भट्टी भरायला गेलेय. भट्टीवाल्यांना कशावर काय ठेवायचं ते सांगायला मी तिथे लागते, नाहीतर ते माझ्या बश्या आपल्या फरशांच्या खाली दडपतील. संध्याकाळपर्यंत येते. तुझ्याकडची किल्ली चालते, कुलूप बदललेलं नाही.

फोनवर तू म्हणालीस, "आई, मला तुझी काळजी वाटते, रात्री झोप लागत नाही." ते मी ऐकलं. ते खरं आहे हेही मला कळतं. रात्रभराचा प्रवास करून आलीस, डोळे लाल झाले असतील. मी तुझी आई आहे, मला त्याचं वाईट वाटतं. तरी मी तुझ्याबरोबर येणार नाही.

मी पुन्हा पडेन. पडणार नाही असं वचन देत नाही. एखाद्या दिवशी समोरच्या बाईंना मी जमिनीवर सापडेन आणि उठणार नाही, असंही होईल. त्याची मला भीती वाटते, रोज वाटते. पण त्या हॉलमधल्या खुर्चीवर बसून, कुणीतरी आणून दिलेला चहा पीत, हात मांडीवर थरथरताना बघत बसायची मला जास्त भीती वाटते. तिथे मी पुष्कळ वर्षं जगेन. मला ती वर्षं नकोत. मला हे एक हवंय. हात जाईल त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन आणि तू नेशील तिथे गुपचूप येईन, एक शब्द बोलणार नाही. तोपर्यंत मला सोड. पाया पडते तुझ्या. आई मुलीच्या पाया पडत नाही, मी पडते.

आत जेवण झाकून ठेवलंय. चपला बाहेर काढ. आधी उजव्या हाताचा दिवा लाव, मग आत ये, आणि खाली बघून पाऊल टाक. दारापासून खिडकीपर्यंत सगळीकडे पुढच्या महिन्याच्या भट्टीच्या बश्या वाळत घातल्या आहेत, टेबलावर मावल्या नाहीत. मधून स्वयंपाकघरापर्यंत जायला वाट सोडली आहे, एका माणसापुरती. बॅग त्यातून जायची नाही, ती बाहेरच राहू दे.

एकही बशी उचलून बाजूला ठेवू नकोस. रंग ओला आहे.

आई